भिंत रंगवली, पण शब्द पाळला का?

खरीप तोंडावर आला की गावच्या भिंती बोलायला लागतात. पारामागची भिंत, शाळेचं कुंपण, एस.टी. थांब्याची शेड, एवढंच काय, रस्त्याकडेच्या विहिरीचा कठडासुद्धा. बियाणे, कीटकनाशक, सिमेंट, साबण, मोबाईल. जो आधी रंगाचा डबा घेऊन येईल त्याची भिंत! मग मेळावे सुरू होतात. टोपी, टी-शर्ट, पिशवी, चहा आणि वडा, जमलं तर टीव्हीवरचा एखादा चेहरा. वारीच्या दिवसांत पालखीच्या वाटेवर रेनकोट आणि पाण्याच्या बाटल्या. कंपन्यांच्या भाषेत याला जनसंपर्क म्हणतात. त्यात वावगं काही नाही. माल विकायचा तर चार माणसांत जावंच लागतं. आठवड्याच्या बाजारात बसणारी भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाला ताई-माई केल्याशिवाय मेथीची जुडी खपवत नाही.

प्रश्न पुढचा आहे. मेळाव्यात जो माणूस हौसेने टोपी घालतो, तोच माणूस उगवण झाली नाही म्हणून फोन केल्यावर फोन उचलतो का? कंपनीचा जनसंपर्क चांगला की वाईट हे माल विकताना कळत नाही, माल फसल्यावर कळतं. आमच्या मते त्याची पारख दोनच गोष्टींवरून करावी. कोर्टाने किंवा सरकारने कान धरायच्या आधी कंपनीने आपण होऊन काय केलं? आणि दोष कोणाच्या गळ्यात घातला?

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण घ्या. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर. मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि अन्न व औषध प्रशासनाने कारवाई सुरू केली. कंपनीचं पहिलं उत्तर काय होतं? कारखान्यातून माल चांगलाच निघतो, दुकानदार नीट साठवत नाहीत. झालं! दोष किराणा दुकानदाराच्या माथी. प्रशासनाने साधा प्रश्न विचारला, की साठवणीत अळी शिरली असं धरलं तरी ती आत शिरेल असं वेष्टन कोणी केलं? याला उत्तर नव्हतं. ऐन सणात खप घसरला.

पुढे मात्र कंपनी शहाणी झाली. 'प्रोजेक्ट विश्वास' नावाने तिने सुमारे १ लाख ९० हजार दुकानदारांपर्यंत जाऊन चॉकलेट कसं ठेवायचं, काय तपासायचं हे समजावण्याचं काम हाती घेतलं. नव्या यंत्रांसाठी सुमारे १५ कोटी रुपये घातले आणि जानेवारी २००४ पासून चॉकलेट दुहेरी वेष्टनात आणलं, आत उष्णतेने चिकटवलेला ॲल्युमिनियमचा कागद आणि वर प्लास्टिकची पिशवी. त्यानंतर अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. लोकांच्या लक्षात राहिले ते बच्चन. आम्ही म्हणू, गेलेली पत परत आणली ती त्या वेष्टनाने. बच्चन आले आणि पाकीट जुनंच राहिलं असतं, तर पुढच्या दिवाळीत पुन्हा अळी निघाली असती आणि बच्चनही वाचवू शकले नसते.

त्याच वर्षी दुसरं प्रकरण घडलं आणि त्यात नेमकं उलट झालं. ५ ऑगस्ट २००३ रोजी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बारा शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या पेप्सी आणि कोका-कोला या कंपन्या मांडीला मांडी लावून पत्रकारांसमोर बसल्या आणि बोट दाखवलं ते संस्थेच्या प्रयोगशाळेकडे. प्रकरण संसदेत गेलं. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने संस्थेचे निष्कर्ष बरोबर ठरवले. म्हणजे तपासणाऱ्यालाच खोटं पाडायला गेले आणि तोंडघशी पडले.

या वादात आणखी एक मुद्दा पुढे केला गेला, तो शेतकऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुधात, भाजीत, धान्यात हेच अंश असतात, मग आम्हालाच का झोडपता? फिरून गाडी आपल्याच बांधावर! यात तथ्य नव्हतं असं नाही. आपण फवारतो ते जमिनीत मुरतं आणि जमिनीतून पाण्यात उतरतं, हे कबूल करायला हवं. पण ते पाणी उपसून, बाटलीत भरून, रंग-गोडी घालून विकतो त्याने ते आधी स्वच्छ करायचं की नाही? डेअरीत फॅट कमी लागली तर "गायच तशी आहे" हे उत्तर संघ आपल्याकडून कधी ऐकून घेतो का?

आता यातल्याच एका कंपनीचं बटाट्याचं प्रकरण. ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते थेट आपल्या जातकुळीचं आहे.

चिप्सचा बटाटा वेगळा असतो. त्यात पाणी कमी, म्हणून तळताना तेल कमी पितो आणि काप करपत नाही. पेप्सिको कंपनीचा 'एफसी-५' हा असाच वाण. तो तिने पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ या कायद्याखाली फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या नावे नोंदवला. ठरलेल्या शेतकऱ्यांना बियाणे द्यायचं आणि बटाटा ठरल्या दराने परत घ्यायचा, अशी पद्धत. आपल्याकडे आंबेगावच्या सातगाव पठारावर चिप्सच्या बटाट्याची करार शेती माहितीची आहे, त्यामुळे यात नवल वाटायला नको.

गुजरातमध्ये साबरकांठा, अरवली या भागांत करार नसलेल्या काही शेतकऱ्यांच्या शेतात हाच वाण दिसला. बियाणं गावात आलं की हातोहात फिरतं. पाहुण्याकडून, शेजाऱ्याकडून, बाजारातून. आपल्याकडे गव्हाचं, हरभऱ्याचं, हळदीच्या बेण्याचं काय होतं? तेच. कंपनीने काय केलं? एप्रिल २०१९ मध्ये अहमदाबादच्या कोर्टात दावे लावले. त्यांतल्या चार शेतकऱ्यांकडून मागितलेली भरपाई होती प्रत्येकी १ कोटी ५ लाख रुपये! ज्याची जमीन तीन-चार एकर, त्याच्यावर कोटीचा दावा. त्याआधी माणसं गिऱ्हाईक बनून शेतावर आली, नमुने आणि चित्रफिती घेऊन गेली, असं शेतकऱ्यांचं म्हणणं होतं.

आता कायदा काय म्हणतो ते पहा. ज्या कायद्याखाली कंपनीने वाण नोंदवला, त्याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये शेतकऱ्याचा हक्क लिहिला आहे. नोंदणी झालेल्या वाणाचंही बियाणं शेतकऱ्याला राखता येतं, पेरता येतं, पुन्हा पेरता येतं, देवाणघेवाण करता येते, विकताही येतं. फक्त ते ब्रँडचं नाव लावून, पाकीटबंद करून विकता येत नाही. कंपनीकडे मोठमोठे वकील होते, त्यांनी हे कलम वाचलं नसेल यावर विश्वास बसत नाही. कंपनीचं म्हणणं असं, की बटाटा व्यापारासाठी घेतला, म्हणून तो आमच्या हक्काचा भंग. हा कायद्याचा वाद झाला आणि तो कोर्टात व्हायला हरकत नव्हती. पण त्यासाठी चार लहान शेतकऱ्यांच्या उरावर कोटीचा आकडा ठेवायची काय गरज होती? तो आकडा वसुलीसाठी नव्हताच. बाकीच्या गावांनी धसका घ्यावा म्हणून होता, असं आमचं स्पष्ट मत आहे.

धसका कोणी घेतला नाही. उलट शेतकरी संघटना, बियाण्यांवर काम करणारे कार्यकर्ते एकत्र आले आणि कंपनीच्या वेफर्सवर बहिष्काराची भाषा सुरू झाली. त्यात लोकसभेची निवडणूक चालू होती. मग कंपनी म्हणाली, तडजोड करू. आमच्याकडून बियाणं घ्या, आम्हालाच बटाटा विका, नाहीतर हा वाण लावणं सोडा. याला दिलदारी म्हणायचं की सावकारी, वाचकांनी ठरवावं. शेवटी २ मे २०१९ रोजी सरकारशी बोलणी झाल्यावर दावे मागे घेत असल्याचं कंपनीने जाहीर केलं.

गोष्ट तिथे संपली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये वाण संरक्षण प्राधिकरणाने या वाणाची नोंदणीच रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी तो निर्णय कायम केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवून कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे कागदावर कंपनी अगदीच हरली असं नाही. पण गावात काय राहिलं? चिप्स विकणारी कंपनी बटाटा पिकवणाऱ्यावर कोटीचा दावा लावते, एवढंच. जाहिरातीवर वर्षानुवर्षं ओतलेला पैसा एका समन्सने मातीत गेला.

गप्प बसणं हाही वाईट जनसंपर्कच. २०१५ चं मॅगीचं प्रकरण आठवा. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या नमुन्यात शिसं जास्त निघालं. लोक विचारत होते, पोरांना खायला घालू की नको? नेस्ले कंपनी कित्येक दिवस मोघम बोलत राहिली. जूनमध्ये देशभर बंदी आली, तेव्हा कुठे वरचे साहेब परदेशातून दिल्लीत हजर झाले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून फेरतपासणी करायला सांगितली, तीत माल ठीक निघाला आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात आली. तोवर हजारो टन माल जाळून झाला होता. माल ठीक होता तर पहिल्याच आठवड्यात आईबापांना समजेल अशा भाषेत का सांगितलं नाही?

याच्या उलट अमेरिकेतली एक जुनी गोष्ट या धंद्यातले लोक नेहमी सांगतात. १९८२ मध्ये शिकागो भागात कोणीतरी टायलेनॉल या गोळीच्या कॅप्सूलमध्ये सायनाईड घातलं आणि सात माणसं दगावली. विष कंपनीने घातलेलं नव्हतं. तरी जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, लोकांना उघडपणे सांगितलं की घेऊ नका, आणि पुन्हा आली ती झाकण फोडल्याशिवाय हात घालता येणार नाही अशा बाटलीत. धंदा सावरला. पण याच कंपनीवर पुढे बेबी पावडरच्या प्रकरणात अमेरिकेत हजारो दावे झाले, हेही विसरू नये. एकदा नीट वागलेला दरवेळी नीट वागेल याची हमी नसते.

आपल्याकडेही असंच आहे. हिंदुस्थान लिव्हरने २००२ पासून लाइफबॉयच्या नावाने गावोगाव शाळांतून पोरांना हात धुवायला शिकवलं. २०१३ च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात तर पोळीवरच शिक्का मारून विचारलं, हात धुतले का? साबण खपवायचाच डाव, पण पोराचं पोट बिघडायचं टळलं तर आपली तक्रार नाही. याच कंपनीच्या कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातली पारा लागलेली काच २००१ मध्ये भंगारात सापडली. कारखाना बंद झाला. ५९१ जुन्या कामगारांशी समझोता व्हायला मात्र मार्च २०१६ उजाडला. पंधरा वर्षं! पोळीवरचा शिक्का आणि भंगारातला पारा, दोन्ही एकाच खात्यावर मांडले पाहिजेत.

आता आपल्या घरचं. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवलं नाही, ते अजून कोणी विसरलेलं नाही. तक्रारींचा ढीग पडला. औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कंपन्यांची उत्तरं ठरलेली होती. तुम्ही खोल पेरलं. ओल नव्हती. पावसाने दडी मारली. दुकानदाराने पोती रचून ठेवली. कॅडबरीच्या अळीसारखंच, कारखाना सोडून बाकी सगळे दोषी! खरं सांगायचं तर काही ठिकाणी ही उत्तरं बरोबरही होती. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये, हे कृषी खातं दरवर्षी घसा कोरडा करून सांगतं आणि आपण पहिल्या सरीलाच तिफण नाहीतर ट्रॅक्टर काढतो. पण २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीच्या सोयाबीनवर अवकाळी पाऊस पडला होता, बियाण्याचा माल भिजला होता, हेही जगजाहीर होतं. मग उगवण किमान ७० टक्के असल्याचा टॅग पिशवीला लावून विकणाऱ्याने आधीच सांगायला नको होतं, की यंदा बियाणं नाजूक आहे, घरी उगवण तपासा, बियाण्याचं प्रमाण थोडं वाढवा? असं पत्रक एखाद्या कंपनीने मे महिन्यात गावोगाव वाटलं असतं, तर आम्ही त्याला उत्तम जनसंपर्क म्हटलं असतं. टोप्यांपेक्षा स्वस्तात पडला असता.

महाबीजसारख्या सरकारी महामंडळाविरुद्धही तक्रारी होत्या. काही ठिकाणी बियाणं बदलून मिळालं. पण बदलून मिळालेली पिशवी म्हणजे भरपाई नव्हे. ट्रॅक्टरचं भाडं, खताच्या गोण्या, मजुरी आणि निघून गेलेले पंधरा-वीस दिवस कोण बदलून देणार?

इथे एक निकाल प्रत्येक गावात माहीत असायला हवा. राष्ट्रीय बीज निगम ही सरकारी कंपनी निकृष्ट बियाण्याच्या तक्रारींवरून शेतकऱ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. निगमचं म्हणणं, शेतकरी ग्राहक नाहीच, त्याने बियाणे कायद्याखाली जावं. जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने हे फेटाळलं. शेतकरी ग्राहक आहे, तो ग्राहक मंचात जाऊ शकतो. आणि बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत का पाठवला नाही, हा आक्षेपही टिकला नाही, कारण पेरणीला आणलेलं बियाणं शेतकरी पेरूनच टाकणार, नमुना कुठून आणणार? सरकारी कंपनी शेतकऱ्यांशी असं लढते, तर खासगीचं काय बोलायचं!

तरीही पुरावा ठेवलेला बरा. पिशवी टॅगच्या उलट बाजूने फोडायची. टॅग, पिशवी, पक्की पावती आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपायचं. पावती नसेल तर दुकानदार ओळखीचा असला तरी उपयोग नाही, उलट ओळखीमुळेच तोंड बंद होतं. तक्रार लेखी, तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे, पोच घेऊन. ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. हा नंबर भिंतीवर रंगवायला कुठलीच कंपनी येणार नाही, तो ग्रामपंचायतीनेच रंगवावा.

माफीबद्दलही एक बोललं पाहिजे. पतंजलीच्या औषधांच्या जाहिरातींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने वर्तमानपत्रांत माफीनामा छापला. न्यायालयाने विचारलं, तुमच्या जाहिराती जेवढ्या मोठ्या असतात तेवढा हा आहे का? दुसऱ्या दिवशी मोठा माफीनामा छापून आला. आम्ही पेपरवाले जाहिरातीवर जगतो, त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडतं. पण प्रश्न लाखमोलाचा आहे. दावा पानभर आणि चुकीची कबुली रेल्वेच्या तिकिटाएवढी, हे बियाण्याच्या कंपन्यांतही चालतं.

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही थोडं विचारायचं आहे. शाळेची, पंचायतीची, समाजमंदिराची भिंत गावाची असते. ती कंपनीला दिली तर ठराव झाला का, मोबदला पंचायतीच्या खात्यात जमा झाला का, आणि कंपनीच्या जबाबदार माणसाचं नाव-पत्ता दप्तरात नोंदला का? मेळाव्याला जागा देताना तालुक्याच्या प्रतिनिधीचं हमीपत्र घ्यायला काय हरकत आहे, की उगवणीची तक्रार आली तर पाहणीच्या दिवशी मी हजर राहीन? तालुका समिती पंचनाम्याला येते तेव्हा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ येतात, कृषी अधिकारी येतात, शेतकरी तर उन्हात उभाच असतो, आणि कंपनीचा माणूस मात्र 'बाहेरगावी' असतो. त्याच्या गैरहजेरीची नोंद पंचनाम्यात ठळक अक्षरांत झाली पाहिजे. ती न करता कागद पुढे सरकवणाऱ्या अधिकाऱ्याला पुढच्या ग्रामसभेत उभं करून कारण विचारावं, आणि त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवावी.